लटकणाऱ्या बॅकअपला वेळेची वेसण: प्रकल्प नोंदी

(कमांड इथे बोलताना म्हणतो तशाच लिहितोय, खरं कोड रेपोत आहे. नोंदी मुख्यतः माझ्यासाठीच, पण उद्या ही स्क्रिप्ट ज्याच्या गळ्यात पडेल त्यालाही उपयोगी पडाव्यात.)

३ मार्च

सकाळी आल्या आल्या बॅकअपच्या मशीनवर पीएस (चालू प्रोग्रामची यादी दाखवणारी कमांड) मारून बघितलं तर रात्रीची स्क्रिप्ट तीनदा चालू. एक नाही, तीन. किती वेळ झाला त्या कॉलममध्ये पहिलीपुढे २ दिवस ९ तास, दुसरीपुढे १ दिवस ९ तास आणि तिसरी आज पहाटे दीडची, ९ तास. क्रॉनला (ठरल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या प्रोग्रामला) काय, दीड वाजले की नवीन सोडायची, आधीची संपली का नाही हे बघणं त्याचं काम नाही आणि तो ते बघतही नाही.

तिन्ही एकाच जागी अडकलेल्या, सहा नंबरच्या मशीनवर. एकूण १४ मशीन आहेत, स्क्रिप्ट एकेकाकडे एसएसएचने (दुसऱ्या मशीनवर दुरून कमांड चालवायची सोय) जाते, तिथे टार (फाइल्सचं एक गाठोडं बांधणारी कमांड) चालवते, आउटपुट इकडे आणते. सहा नंबरला पिंग जातो, लॉगिनसुद्धा होतं, पण त्यानंतर डेटाच्या फोल्डरमध्ये साधं एलएस (फाइल्सची यादी) मारलं तरी कर्सर नुसता लुकलुकतोय. म्हणजे सातपासून चौदापर्यंतच्या मशीनचा तीन रात्री बॅकअपच नाही, आणि कुणाला पत्ता नाही, कारण स्क्रिप्ट फेल झालीच नाही ना, ती बिचारी वाट बघतेय. फेल झाली असती तर मेल आला असता.

पहिला विचार आला की एसएसएचचा कनेक्ट टाइमआउट लावू, पण इथे कनेक्ट तर व्यवस्थित होतंय. मग सर्व्हर अलाइव्ह इंटरव्हल लावू म्हटलं (तो समोरच्याला दर काही वेळाने हाक मारतो, मुळात ० असतो, म्हणजे बंद), पण त्याचाही इथे काही उपयोग नाही, कारण पलीकडचा एसएसएच डीमन (मागे सतत चालू असणारा प्रोग्राम) जिवंत आहे, तो "हो हो मी आहे" असं उत्तर देत राहणार, अडकलाय तो टार. तेव्हा कनेक्शनवर नाही, अख्ख्या कमांडवरच वेळेची मर्यादा पाहिजे.

तिन्ही मारल्या, सहा नंबर रीबूट केलं, ते उठलं. कशामुळे अडकलं ते कळलं नाही. कळायला पाहिजे होतं.

४ मार्च

कमांडच्या आधी टाइमआउट ३०एम (३० मिनिटांची मर्यादा) एवढंच लावलं. कोअरयुटिल्समध्ये (लिनक्सच्या मूलभूत कमांडच्या संचात) ही कमांड २००८ पासून आहे आणि मी आत्तापर्यंत ती एकदाही वापरली नव्हती, याची थोडी लाज वाटली. आकड्याला एस, एम, एच, डी (सेकंद, मिनिट, तास, दिवस) लावता येतं, काहीच नाही लावलं तर सेकंद. वेळ संपली की टर्म सिग्नल (बंद हो असा इशारा) पाठवते आणि स्वतः १२४ हा कोड (काम कसं संपलं ते सांगणारा आकडा, ० म्हणजे ठीक) घेऊन बाहेर पडते. स्लीप (नुसती थांबून राहणारी कमांड) १०० ला ३ सेकंदांची मर्यादा लावून बघितलं, तीन सेकंदात १२४. झालं, पाच मिनिटांचं काम, असं वाटून मी खुशीत.

दुपारी टेस्ट म्हणून सहा नंबरवर मुद्दाम लांब स्लीप ठेवली. टाइमआउटने ती बरोबर मारली, आणि लगेच आख्खी स्क्रिप्टच मेली. वर सेट डॅश ई लिहिलंय ना, शून्य सोडून काहीही आलं की स्क्रिप्ट बंद. म्हणजे आधी सहा नंबरमुळे बाकीचे आठ लटकत होते, आता सहा नंबरमुळे बाकीचे आठ मरतात. प्रगती.

मग इफ नॉट लावून आत डॉलर-प्रश्नचिन्ह (मागच्या कमांडचा कोड) छापलं, तर लॉगमध्ये "फेल झालं, कोड ०". यात माझी वीस-पंचवीस मिनिटं गेली. नॉट लावलं की बॅश (स्क्रिप्ट चालवणारा शेल) कोड उलटा करतं, त्यामुळे आतमध्ये तुम्हाला कमांडचा कोड मिळतच नाही, उलटा केलेला मिळतो आणि तो शून्यच असतो. आता सरळ असं केलंय: आरसी बरोबर ०, मग कमांड, दोन उभ्या रेघा (आधीचं फसलं तरच पुढचं), आरसी बरोबर डॉलर-प्रश्नचिन्ह. सेट डॅश ई पण गप्प बसतं आणि कोडही हाताला लागतो.

५ मार्च

सिनिअरना दाखवलं. ते एवढंच म्हणाले, "टर्म सिग्नल ही विनंती आहे. समोरच्याने ऐकलं नाही तर?"

तर काय, वाट बघत बसायचं. करून बघितलं: दोन ओळींची स्क्रिप्ट, त्यात ट्रॅप लावून टर्म दुर्लक्षित केला आणि मग लांबलचक लूप. टाइमआउट ५ लावलं, पाच सेकंद झाले, दहा झाले, मिनिट झालं, आमची कमांड आरामात चालू आणि टाइमआउटही तिच्या शेजारी बसून. सिग्नल एकदा पाठवला की त्याचं कर्तव्य संपलं, पुढे तो फक्त कमांड संपायची वाट बघतो.

उपाय डॅश के. डॅश के २० आणि मग ३०एम, म्हणजे तिसाव्या मिनिटाला टर्म आणि त्यानंतरही जिवंत असेल तर २० सेकंदांनी किल (सक्तीने मारणारा सिग्नल). हे २० सेकंद सुरुवातीपासून नाही, टर्म पाठवल्यापासून मोजतात, मी आधी उलटं समजलो होतो. आणि किलपर्यंत वेळ आली तर कोड १२४ येत नाही, १३७ येतो, १२८ अधिक ९. लोच्या असा की मेमरी संपल्यावर कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) प्रोसेस मारली तरी १३७ च. त्यामुळे नुसत्या कोडवरून निष्कर्ष काढायचा नाही, प्रत्येक मशीनला किती सेकंद लागले तेही शेजारी लिहायचं ठरवलं. बॅशमध्ये सेकंड्स नावाचं व्हेरिएबल आयतं मिळतं, आधीची आणि नंतरची वजाबाकी केली की झालं. (हा आकडा पुढे भलताच कामाला आला, २४ तारखेची नोंद बघा.)

६ मार्च

पाथ चुकला, १२७ आला. कमांड सापडली नाही तर १२७, सापडली पण चालवता आली नाही तर १२६, टाइमआउटचंच काही बिघडलं तर १२५. चिठ्ठी मॉनिटरला चिकटवली.

७ मार्च

आजचं प्रकरण भयंकर होतं, म्हणजे झालं काही नाही पण होऊ शकलं असतं.

याच स्क्रिप्टच्या शेवटी डेटाबेसचा डंप (सगळा डेटा मजकूर म्हणून) घेतो, डंप, मग पाइप (एकीचं आउटपुट दुसरीला देणारी नळी), मग जीझिप (दाबून लहान करणारी कमांड), मग फाइल. त्यालाही पुढे टाइमआउट चिकटवलं होतं. टेस्टसाठी मर्यादा १० सेकंद केली, डंपला एरवी सहा-सात मिनिटं लागतात. दहा सेकंदांनी डंप मेला. स्क्रिप्टने लिहिलं "डंप यशस्वी".

दोन गोष्टी एकत्र आल्यात. एक, पाइप असली की कोड शेवटच्या कमांडचा धरतात, आणि शेवटची जीझिप, तिचं काय बिघडलंय? ती शून्यच देणार. १२४ पाइपमध्येच बुडाला. दोन, डंप मेल्यावर जीझिपच्या दृष्टीने इनपुट संपलं एवढंच, तिने नीट शेवट लिहून फाइल बंद केली. म्हणजे जीझिप डॅश टी मारून तपासलं तरी फाइल एकदम ठणठणीत! उघडून टेल मारलं तर शेवटची ओळ इन्सर्टच्या मध्येच तुटलेली, एका नावाची पहिली तीन अक्षरं आणि पुढे काहीच नाही. अशी फाइल सहा महिने नीट सांभाळून ठेवायची आणि गरज पडेल त्या दिवशी कपाळावर हात मारायचा.

आता पाइपफेल चालू केलंय, त्यामुळे १२४ बाहेर येतो. डंप आधी पार्ट असं शेपूट असलेल्या नावाने लिहितो, कोड शून्य आला तरच एमव्ही करून खरं नाव. आणि मायएसक्यूएलच्या डंपच्या शेवटी "डंप कम्प्लीटेड" अशी कॉमेंटची ओळ असते (कॉमेंट बंद केल्या नसतील तर), ती आहे का तेही बघतो. अती झालं असं वाटेल, वाटू दे.

१० मार्च

टाइमआउटला बॅशचं फंक्शन देता येत नाही. तो वेगळा प्रोग्राम आहे, त्याला आपल्या शेलमधली फंक्शन्स दिसत नाहीत, १२७ देऊन मोकळा होतो. एक्सपोर्ट डॅश एफ करून बॅश डॅश सीमधून बोलावता येतं पण कोट्सच्या आत कोट्स लिहून डोळे फिरले, एका मशीनचं काम सरळ वेगळ्या फाइलमध्ये काढलं. तेच आधी करायला पाहिजे होतं.

११ मार्च

नऊ नंबरवर सहज लॉगिन केलं (त्यात एक अवाढव्य फोल्डर आहे, लाखो बारीक फाइल्स, त्याला अर्धा तास पुरत नाही) तर तिथे टार चालू. दुपारी साडेतीनला. इकडे लॉगमध्ये रात्रीच १२४ लिहून विषय संपलेला.

विचार केला तर बरोबरच आहे, आपण मारला तो इकडचा एसएसएच. तिकडच्या कमांडला टर्मिनल नाही, तिला कुणी सिग्नल पोहोचवत नाही, ती आउटपुट लिहायला गेली आणि समोर पाइप तुटलेली दिसली तरच मरणार. हा टार अजून फाइल्सची यादी चाळण्यातच गुंग, लिहायची वेळच आलेली नाही. फोन ठेवला म्हणून समोरचा बोलायचा थांबला असं थोडंच आहे.

म्हणून आता दोन मर्यादा लावल्यात. एसएसएचच्या आत, तिकडच्या मशीनवर टाइमआउट २५एम, आणि बाहेर इकडे ३०एम, दोन्हीला डॅश के २०. आतली नेहमी बाहेरच्यापेक्षा कमी, म्हणजे तिकडचं काम तिकडेच मरेल आणि एसएसएच तो १२४ आपल्याला आणून देईल. एसएसएचचं स्वतःचं काही बिनसलं तर २५५ येतो, तो वेगळा ओळखू येतो. नऊ नंबरला तेवढं फोल्डर वगळून चालवलं, त्याचा वेगळा मार्ग नंतर.

१२ मार्च

हिशोब केला. १४ मशीन गुणिले अर्धा तास म्हणजे वाईटात वाईट ७ तास, दीडला सुरू केलं तर साडेआठ. सहानंतर बॅकअप चालू राहिला तर नेटवर्कवाले माझ्या नावाने शंख करतात. म्हणजे एकेका कमांडची मर्यादा पुरेशी नाही, सगळ्याची मिळून एक पाहिजे: साडेचार तास, १६२०० सेकंद. प्रत्येक मशीनच्या आधी १६२०० वजा सेकंड्स करायचं, उरलेला वेळ १८०० पेक्षा कमी असेल तर तेवढाच द्यायचा, आणि आतली मर्यादा त्याच्याहून थोडी कमी.

१३ मार्च

हाताने चालवताना "पुढे जाऊ का, हो की नाही" विचारणारी एक जुनी स्क्रिप्ट टाइमआउटमधून बोलावली. प्रश्न आला, मी हो टाइप केलं, अक्षरं उमटली, एंटर मारला, ढिम्म. स्क्रिप्टमधून चालवलं की टाइमआउट कमांडला वेगळ्या प्रोसेस ग्रुपमध्ये, बॅकग्राउंडला टाकतो, आणि बॅकग्राउंडवाल्याने टर्मिनलवरून वाचायला घेतलं की कर्नल त्याला थांबवतो. डॅश डॅश फोरग्राउंड दिलं की चालतं, पण मग सिग्नल फक्त त्या एकाच प्रोसेसला जातो, तिच्या पिल्लावळीला नाही. वेगळा ग्रुप करतो तो त्याचसाठी, एका फटक्यात सगळे. रात्रीच्या कामाला हा पर्याय नको, तिथे प्रश्न विचारणारं कुणी असताच कामा नये.

१४ मार्च

एकूण मर्यादेची टेस्ट. १६२०० च्या जागी ६० टाकले, मशीनच्या जागी वीस-वीस सेकंदांच्या स्लीप पाच. पहिल्या तीन नीट झाल्या. चौथीची पाळी आली तेव्हा उरलेला वेळ बरोबर ०. माझी अपेक्षा ही की लगेच मरेल. ती मेली नाही, आरामात पूर्ण वीस सेकंद चालली.

टाइमआउट ० म्हणजे मर्यादाच नाही! मॅन्युअलमध्ये स्वच्छ लिहिलंय, शून्य दिलं की टाइमआउट बंद. म्हणजे वेळ संपली त्या नेमक्या सेकंदाला मी कमांडला म्हणतोय, बाई तू हवी तेवढी चाल. आणि पाचवीला उरलेला वेळ उणे २०, मग टाइमआउटला वाटलं डॅशने सुरू होतंय म्हणजे हा पर्याय असेल, असा पर्याय माहीत नाही म्हणून १२५. उणे आकड्याला निदान बोंबलला तरी, शून्याला तोंडातून अवाक्षर नाही. खऱ्या रात्री बरोबर शून्य यायची शक्यता किती, नगण्य, पण आला असता तर सापडला नसता. पाचापेक्षा कमी उरले की मशीन वगळायचं आणि "वेळ नाही" लिहायचं, अशी अट घातली.

१७ मार्च

टीममधल्या एकाने त्याच्या मॅकवर स्क्रिप्ट चालवली. टाइमआउट नाहीच तिथे. "अरे ही तर सगळीकडे असते ना?" असं मीच त्याला विचारलं आणि मीच तोंडघशी पडलो. पॉझिक्सच्या (युनिक्ससारख्या सिस्टिमच्या मानकाच्या) २०२४ च्या आवृत्तीत ती आली आहे, पण कागदावर आली म्हणून प्रत्येक मशीनवर लगेच थोडीच येते. होमब्रूने (मॅकवर प्रोग्राम टाकायचं साधन) कोअरयुटिल्स टाकलं की जीटाइमआउट या नावाने मिळते. पर्लचा एक जुना नुस्खा पण आहे, अलार्म लावायचा आणि एक्झेक करायचं (स्वतःच्या जागी ती कमांड चालवायची), अलार्म एक्झेकनंतरही टिकतो आणि वेळ झाली की कमांड मरते, कोड १४२. पण तो फक्त त्या प्रोसेसला मारतो, मुलांना नाही.

मी म्हटलं आपणच लिहू की बॅशमध्ये, किती अवघड असणार.

१८ मार्च

अवघड नव्हतं, फसवं होतं. कमांड बॅकग्राउंडला सोडायची, तिचा पीआयडी (प्रोसेसचा नंबर) ठेवायचा, दुसरीकडे कंसात एक राखणदार: स्लीप ३०, मग किल. मग वेट करायचं, आणि कमांड आधी संपली तर राखणदाराला मारायचं. आठ ओळी. नुसती चालवली तर मस्त, दोन सेकंदांची कमांड दोन सेकंदात परत. तीच डॉलर-कंसात घालून आउटपुट व्हेरिएबलमध्ये घेतलं तर दोन सेकंदांच्या कमांडला बरोबर ३० सेकंद!

राखणदार मेला होता, पण त्याने सोडलेली स्लीप मेली नव्हती. कंसाचं सबशेल मारलं म्हणून आतली स्लीप मरत नाही, ती अनाथ होऊन चालू राहते, आणि तिच्या हातात आपल्या आउटपुटच्या पाइपचं एक टोक असतं. डॉलर-कंस वाट बघतो ती पाइप बंद व्हायची, कमांड संपायची नाही. स्लीप काही लिहीत नाही, नुसती दार धरून उभी. राखणदाराचं आउटपुट डेव्ह नलला (जे येईल ते फेकून देणारी जागा) वळवलं की सुटतं.

सुटलं, पण त्यानंतर मी ते सगळं काढून टाकलं. टाइमआउट आहे का बघायचं, नसेल तर जीटाइमआउट, तीही नसेल तर स्पष्ट मेसेज देऊन बाहेर. स्वतःचा टाइमआउट लिहायची हौस फिटली.

२० मार्च

एफलॉक डॅश एन सुरुवातीला लावलं, आधीची चालू असेल तर नवीन सुरूच होणार नाही. ३ तारखेचा तिहेरी प्रकार बंद. एक लक्षात ठेवायचं: लॉकची फाइल ज्या नंबरवर उघडली तो मुलांकडेही जातो, एखादं बॅकग्राउंडचं पोर मागे राहिलं तर लॉकही अडकून राहतो.

२४ मार्च

सहा नंबर पुन्हा. पण या वेळी बाकीचे तेराच्या तेरा झालेले, लॉकही सुटलेला, पाचच्या आत सगळं आटपलं, आणि मेलमध्ये एक ओळ: सहा, कोड १२४, १८०० सेकंद.

चहा घेताना तो १८०० डोक्यात घोळत राहिला. १२४ तर आतल्या मर्यादेचाही असतो आणि बाहेरच्याही, पण आतली २५ मिनिटांची, म्हणजे १५०० च्या आसपास यायला पाहिजे होतं. १८०० म्हणजे आतल्या टाइमआउटने पंचविसाव्या मिनिटाला टर्म मारला, वीस सेकंदांनी किल मारला, आणि तरी टार मेला नाही? किलला नाही म्हणता येत नाही कुणाला, ट्रॅपही लावता येत नाही.

लॉगिन करून पीएस बघितलं. टारच्या स्टेटमध्ये मोठा डी. डिस्कच्या उत्तरासाठी कर्नलच्या आत झोपलेला, आणि त्या झोपेत सिग्नल पोहोचत नाही, किलसुद्धा रांगेत थांबतो. डीमेसेगमध्ये (कर्नलच्या नोंदींमध्ये) डिस्कच्या आय-ओ एररची रांगच्या रांग, दर काही सेकंदांनी. ३ तारखेलाही हेच असणार आणि मी रीबूट मारून मोकळा झालो होतो, लॉग बघायचे कष्ट न घेता.

बाहेरच्या ३० मिनिटांनी वाचवलं, कारण इकडचा एसएसएच डिस्कवर नाही, नेटवर्कवर वाट बघत असतो, तो साध्या टर्मने मरतो. दोन मर्यादा लावल्या तेव्हा कारण वेगळंच होतं, उपयोग इथे झाला. एकच त्रास, रोज रात्री सहा नंबरवर एक न मरणारा टार साठत जाणार. म्हणून लागोपाठ दोन रात्री बाहेरची मर्यादा लागली तर ते मशीन वगळायचं आणि मेलच्या विषयातच ओरडायचं, अशी अट टाकली.

२६ मार्च

सहा नंबरची डिस्क बदलली. रात्रीचा लॉग: १४ पैकी १४, सहा नंबर कोड ०, ६६० सेकंद.

बाकी आहे: एका ठिकाणी टाइमआउट आधी आणि सुडो (रूट, म्हणजे सर्वाधिकारी युजर म्हणून चालवणारी कमांड) नंतर असं लिहिलंय. साध्या युजरचा टाइमआउट रूटच्या प्रोसेसला सिग्नल पाठवूच शकत नाही, परवानगी नाही, म्हणजे ती मर्यादा नावालाच आहे. सुडो आधी, टाइमआउट नंतर असं करायचं. आणि नऊ नंबरचं फोल्डर तसंच पडलंय.